अकोल्याच्या यार्डात मी काय पाहिलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. मनातल्या मनात कितीदा सुरुवात केली — भाजी निवडताना, वर्गात हजेरी घेताना — आणि दरवेळी पहिल्या वाक्यापाशीच थांबले. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जातंय का? असेल तसं. पण सोपं आहे म्हणून थोडं थोडं सांगून सुटका करून घेणार नाही, एवढं मी ठरवलंय.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर अकोल्याचं. एम.एस्सी.ला असताना होस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर प्रज्ञा होती. बाळापूरकडच्या एका खेड्यातली. तिचे बाबा बसमध्ये कंडक्टर. दर पावसाळ्यात त्यांना डोळे यायचे, आणि त्यांना आले की घरात एकामागून एक सगळ्यांना. प्रज्ञा ते हसत हसत सांगायची — "बाबा दिवसभर दांडा धरे, पैशे घे, तिकीट दे, अन् मंग तोच हात डोयाले. आमी चारी भावंडं लाल डोये घेऊन शाळेत. मास्तर दारातूनच वापस पाठवे."

मी हसायचे. तिने मात्र ते डोक्यात ठेवलं होतं. वीस वर्षं.

आधी दुसरं एक सांगू द्या. ते गाळलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल. एम.एस्सी.च्या निकालात प्रज्ञा पहिली आली, मी तिसरी. पेढे द्यायला मी काकांकडे गेले, तर ते म्हणाले, "पयली ते आली का? त्याइचं काय बाप्पा, त्याइले सवलत रायते." प्रज्ञा बौद्ध आहे, आम्ही काळ्या जमिनीतले शेतीवाले. परीक्षेच्या गुणांत कसली सवलत? पेपर एकच, तपासणारे एकच. हे मला ठाऊक होतं. रात्ररात्र अभ्यास करताना मी तिला पाहिलं होतं. पण मी काकांना काही बोलले नाही. आणि खरं सांगू? नुसती गप्प बसले असं नाही. ते वाक्य मला गोड लागलं. कुठेतरी ठेवून द्यावं, अडीनडीला उपयोगी पडेल, असं वाटलं.

मत्सर म्हणतात तो हाच, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं की मत्सर म्हणजे कुणाचं वाईट चिंतणं. मी तर तिचं वाईट चिंतत नव्हते. तिला ताप आला की कपाळावर घड्या ठेवायचे. तिच्या लग्नात तिच्या आईच्या बरोबरीने राबले. पुढे एकाच कॉलेजात दोघी लागलो, एकाच प्रयोगशाळेत समोरासमोर टेबलं, डब्यातली भाजी अर्धी अर्धी. माझ्या बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी सगळी प्रात्यक्षिकं तिने महिनाभर घेतली, एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तरी कोणी "प्रज्ञा मॅडमचा वर्ग काय रंगतो" म्हटलं की मी विषय बदलायचे. प्रेम आणि हे, दोन्ही एकाच डब्यात मावतात का? मावतात. माझ्यात मावलं.

कोरोना ओसरला आणि माणसं पुन्हा बसमध्ये दाटीने बसू लागली तेव्हा प्रज्ञाने कामाला हात घातला. तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला एक पारदर्शक लेप तिने तयार केला. बसमधल्या दांड्यांना, सीटच्या पाठीवरच्या कड्यांना, दाराच्या मुठीला ब्रशने द्यायचा. वाळला की डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर जंतू बसले की काही तासांत मरतात. प्रयोगशाळेत तो उत्तम चालला. मी स्वतः प्लेटी पाहिल्या. साध्या पत्र्यावरून घेतलेल्या नमुन्याच्या प्लेटीवर जंतूंचे ठिपकेच ठिपके, आणि लेपाच्या प्लेटीवर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. ती माझ्याकडे पाहून हसली. मीही हसले. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी विनाकारण मुलावर ओरडले.

अमरावती ते अकोला धावणाऱ्या एका खासगी बससेवेने सहा गाड्या द्यायचं कबूल केलं. तीन गाड्यांना लेप, तीन तशाच. तीन महिने आठवड्यातून दोनदा प्रत्येक गाडीतून नमुने घ्यायचे. ओल्या कापसाची निर्जंतुक काडी दांड्यावर फिरवायची, नळीत घालायची, बर्फाच्या डब्यातून अमरावतीला आणायची. गाड्या अकोल्याच्या यार्डात मुक्कामी असत. माझं माहेर तिथेच, म्हणून नमुने मी आणायचे असं ठरलं. प्रज्ञा फक्त मोजणार. कोणती नळी कोणत्या गाडीची हेसुद्धा तिला मोजणी होईपर्यंत कळू द्यायचं नाही, हा तिचाच हट्ट. मी म्हटलं, अगं, एकदा तरी गाड्या बघून ये. तर म्हणाली, "नाई व माधुरी. मी गाडी पायली तर मायं मनच मले फसवन. तू पाय, तू सांग. तुयं सांगणं म्हणजे मायं पायणं."

बससेवेला तिने लेखी कळवलं होतं — दांडे फक्त साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचे. अ‍ॅसिड नको, तारेची घासणी नको. अ‍ॅसिड लागलं की लेप गेलाच म्हणून समजा. त्या कागदाची एक प्रत माझ्याही पर्समध्ये होती.

पहिले तीन आठवडे सुरेख गेले. लेपाच्या गाड्यांत जंतू कमी, स्पष्ट कमी. प्राचार्यांनी पेपरवाल्यांना बोलावलं. मी त्या दिवशी नमुने घेऊन बसमध्येच होते, मूर्तिजापूरच्या पुढेमागे कुठेतरी. दुसऱ्या दिवशी बातमी आली. प्रज्ञाचा पांढऱ्या कोटातला फोटो, 'कंडक्टरच्या लेकीने शोधला बससाठी जंतुरोधक लेप'. शेवटच्या ओळीत 'सहकाऱ्यांच्या मदतीने' असं होतं. सहकारी म्हणजे मी. प्रज्ञाने मला सकाळीच फोन केला, ती रडवेली झाली होती. म्हणे मी तुझं नाव तीनदा सांगितलं, त्यांनी लिहिलंच नाही. मी म्हटलं, अगं वेडे, त्याचं काय एवढं.

त्याचं काय एवढं!

त्याच आठवड्यात मी अकोल्याला गेले तर आईने ते कात्रण देवघराशेजारच्या कपाटाला चिकटवलेलं. प्रज्ञा तिच्या हातचं कितीदा जेवली होती, तिचा जीव होता तिच्यावर. चहा देता देता आई म्हणाली, "लय हुशार पोरगी हाय बाप्पा. बापानं तिकिटं फाडली अन् पोरीनं नाव काढलं." मग अगदी सहज — "तुयं नाव नाई आलं काव पेपरात? तू बी त होती ना संग?"

आईने मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण मी चहा तसाच ठेवला आणि बर्फाचा डबा उचलून यार्डात गेले.

आता ते.

सकाळचे आठ वाजले असतील. आपल्या सहाही गाड्या यार्डात उभ्या होत्या, दारं उघडी. पहिल्याच गाडीत सफाई करणाऱ्या सुमनबाई होत्या. त्यांना मी ओळखत होते, येता-जाता बोलायचो. नाकाला पदर गुंडाळलेला, एका हातात तारेची घासणी, पायाशी संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली. त्या दांडा घासत होत्या. खालून वर, वरून खाली, जोर लावून. वास असा की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. दांड्याखालच्या पांढऱ्या फडक्यावर निळसर हिरवी झाक उतरली होती. तांबं अ‍ॅसिडमध्ये विरघळलं की येते तीच. अकरावीची पोरंही ओळखतील ती.

मी म्हटलं, सुमनबाई, हे काय?

"काय करू मॅडम," त्या म्हणाल्या. "नवा साहेब आला हाये. तो म्हणे गाड्या चमकल्या पायजे. लोकं तंबाखूचा खर्रा खातात अन् तोच हात दांड्याले पुसतात. साबणानं निंगत नाई ते डाग. सारं घासून राह्यली, दोन दिवस झाले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हात थांबवला. "काहून? नाई घासाव का? तुमी म्हनत असान त नाई घासत. साहेबाले तुमी सांगा फक्त."

पाहा, किती सोपं होतं. त्या बाईने स्वतः विचारलं. साहेबाची केबिन वीस पावलांवर. कागद पर्समध्ये. फोन हातात. प्रज्ञाला एक फोन केला असता तर तिने तीन गाड्यांना पुन्हा लेप द्यायला लावला असता, चार दिवस वाया गेले असते, बस्स. मोठं नुकसान व्हायचंच नव्हतं.

मी म्हटलं, "नाही नाही, घासा. चांगलं निघतंय."

हे माझे शब्द. मी ते विसरावेत म्हणून फार प्रयत्न केले, पण त्यांतला एक शब्दही हलत नाही. तेव्हा मनात काय होतं? राग होता का? नाही. मला खरोखर हलकं वाटलं. दोन दिवसांपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं. मी शांतपणे सहाही गाड्यांतून नमुने घेतले, नळ्यांवर खुणा केल्या. मला वाटलं, एकदाच होऊ दे. एखादा आकडा बिघडू दे. तिला जरा कळू दे.

काय कळू दे? हे मला आजही सांगता येत नाही.

एकदाच झालं नाही. दर आठवड्याला यार्डात अ‍ॅसिडचा वास येत राहिला आणि दर आठवड्याला मी नमुने आणत राहिले. लेपाच्या गाड्या आणि साध्या गाड्या, प्लेटी सारख्याच दिसू लागल्या. प्रज्ञा बावरली. तिने प्लेटींत जंतू वाढवायला घालायचा आगर बदलला, उबवणपेटीचं तापमान पुन्हा पुन्हा तपासलं, नळ्या नव्या मागवल्या. जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. तिची मुलगी तेव्हा दुसरीत होती, शाळेतून आली की प्रयोगशाळेच्या बाकावर गृहपाठ करत बसायची, आईकडे बघत. एका दुपारी प्रज्ञा माझ्या टेबलापाशी आली. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "माधुरी, मले एक सांग. अकोल्याले काही वेगळं दिसलं का तुले? धुण्याचं काही बदललं का? नीट आठवून सांग, मी मोजून मोजून पागल होऊन राह्यली."

ही दुसरी संधी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला — हो, ठेवला — आणि म्हटलं, "नाही गं. तेच पाणी, तेच फडकं."

तिने मान हलवली. तिने माझ्यावर संशय घेतला नाही, एवढासुद्धा नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. पण तेव्हा? तेव्हा संशय घेतला नाही म्हणूनही मला तिचा राग आला. एवढं कसं कोणी सरळ असतं? मला लाज वाटावी म्हणूनच ही अशी सरळ आहे की काय, असंही मनात येऊन गेलं. मत्सराला कारण लागत नाही हो, तो चांगुलपणावरसुद्धा पोसतो.

तीन महिने संपले. बाहेरून तिघांची समिती आली. लेपाला पुढे मदत द्यायची की नाही, हे ते ठरवणार होते. प्रज्ञाने सगळे आकडे मांडले, पहिले तीन आठवडे आणि नंतरचे. काही लपवलं नाही. त्यांच्यातले एक ज्येष्ठ सर फळ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, सुरुवातीचं यश हा योगायोग दिसतो. हे साधं वॉर्निश आहे." मागे बसलेले दोघे-तिघे हसले. मग सरांनी मला विचारलं, "गाड्या तुम्ही पाहत होता ना? लेपाला काही धक्का लागला होता का?"

तिसरी संधी. सगळ्यांसमोर. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आशा होती. काहीतरी सांग, असं तिचे डोळे म्हणत होते. काहीही सांग.

"नाही सर," मी म्हटलं. "लेप शेवटपर्यंत जसाच्या तसा होता."

प्रज्ञा उठली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. लेप टिकत नाही. मी मान्य करते." तिने प्रमाण मराठीत म्हटलं. माझ्यासमोर ती कधी तशी बोलत नसे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं माझं काही नाही, सगळं तिचं गेलेलं आहे. काम बंद झालं. पेटंटसाठी भरायचा अर्ज तिने भरलाच नाही. ज्या पोरांना ती कालपर्यंत देवासारखी वाटे, ती पोरं व्हरांड्यात "वॉर्निश मॅडम" म्हणू लागली. तिने ऐकलं, मीही ऐकलं. पोरांना रागवायला मी वळले नाही. दोन वर्षांनी ती अचलपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात निघून गेली. नवऱ्याची बदली शेजारच्या परतवाड्याला झाली असं कारण दिलं. बदली झाली होती हे खरं. पण आधी अशाच बदलीच्या वेळी ती अमरावतीत राहिली होती, नवरा येऊन-जाऊन करी. या वेळी ती राहिली नाही. कॉलेजच्या संशोधन विभागाची प्रमुख मी झाले. निरोपाच्या दिवशी तिने माझ्या टेबलावर आपलं जुनं सूक्ष्मदर्शक ठेवलं, स्वतः पगारातून घेतलेलं. म्हणाली, "मले आता अकरावी-बारावीले काय करायचं हे? तुले लागन." मी घेतलं.

यार्डात पुन्हा एकदा गेले होते. सुमनबाईंना भेटायला. कशासाठी, ठाऊक नाही. त्यांना कळलं असेल का, कोणी विचारलं असेल का, ही भीती असावी. त्या तिथून काम सोडून गेल्या होत्या. अ‍ॅसिडच्या वाफेने छाती धरली म्हणून, असं दुसऱ्या बाईने सांगितलं. हे मी तेव्हापर्यंत मोजणीत धरलेलंच नव्हतं. त्या सकाळी मी साहेबाच्या केबिनमध्ये गेले असते तर प्रज्ञाचा लेपही वाचला असता आणि त्या बाईच्या हातातली बाटलीही सुटली असती. एका गप्प बसण्याने किती माणसांचं काय काय होतं, याचा हिशेब मला अजून पुरा लागलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रज्ञाचा फोन आला. महिन्या-दीड महिन्याने येतोच. आवाजात फार दिवसांनी तो जुना उत्साह. लांबच्या कुठल्याशा शहरात बसच्या दांड्यांना तांब्याचा लेप दिलाय, आणि तो चालतोय, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. "माधुरी, पायलं का व? झालं! कोणीतरी केलं! आता त्या कंडक्टर लोकाइच्या लेकरांचे डोये नाई येणार." ती खरंच आनंदली होती. दुसऱ्या कोणाचं नाव झालं याचा तिला लवलेशही सल नव्हता. मी फोन कानाला धरून उभी, आणि मला — अजूनही, एवढं सगळं होऊन — तिच्या त्या आनंदाचा हेवा वाटला. मला असं कधी जमलं असतं का? दुसऱ्याचं भलं ऐकून असं मोकळं हसणं?

मग तिनेच जुना विषय काढला. म्हणाली, "आपलं काय चुकलं असन व? मी लय विचार केला. मले वाटते, लेप धरून ठेवणारं द्रव्य मीच कमी टाकलं असन. नाई का?"

आपलं, म्हणाली ती.

मी म्हटलं, "असेल."

"हो ना," ती म्हणाली, आणि मुलीच्या शाळेबद्दल बोलू लागली.

द्रव्य कमी नव्हतं. मिश्रण बरोबर होतं, तिचा हात बरोबर होता, एकूण एक प्लेट तिने बरोबर मोजली होती. त्या साऱ्या कामात प्रज्ञाकडून एकच चूक झाली — नमुने आणायला तिने मला पाठवलं.